एसीचा गॅस आणि मामाचं बोट

टक्... चालू. टक्... बंद. पुन्हा टक्. माझी गाडी सुरू, एसी फुल, बॉनेट उघडं, आणि मी कंप्रेसरच्या आवाजाकडे कान लावून उभी. आत बसलेली मामी म्हणत होती, हवा कोमटच येते.

कोरगावला मामाच्या अंगणात हे चाललं होतं. संध्याकाळी आमोणे गावात भजन, आणि पखवाजावर मामा. मे महिन्यात मामा-मामीला एसीशिवाय कसं न्यायचं, एवढीच माझी काळजी होती.

कंप्रेसर असा सारखा चालू-बंद होतो, तेव्हा बहुतेक गॅस कमी असतो. एसीचा जाड पाइप गार लागायला हवा, तोही कोमट लागला. एका सांध्यावर तेलकट धूळ चिकटली होती... तिथूनच गॅस झिरपत असणार. गाडी गॅरेजला न्यायला हवी, मी म्हटलं.

मामा हसला. पाइपवरचं टोपण त्याने फिरवून काढलं. आत टायरला असते तसलीच पिन.

"टायरातली हवा बघूक कोण गॅरेजात जाता गो? गॅस आसा काय ना, आत्ता कळतलां."

त्याने स्क्रूड्रायव्हरने पिन दाबली. फस्स... पांढरा फवारा थेट हातावर.

मामा ओरडला नाही. नुसता बघत राहिला. उजवी तर्जनी मेणासारखी पांढरी. मी हात लावला... कडक. दाबातून सुटलेला गॅस बर्फाहून गार असतो; भर उन्हात, माझ्यासमोर, माणसाचं बोट गोठलं होतं.

"दुखता?"

"ना गो... बोट आसा तांच कळना."

मामी धावत आली. "चुलीर धरा हात, चुलीर!" मी तिला अडवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चोळू नका, शेकू नका, कोमट पाण्यात धरा आणि घेऊन या.

पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू रंग परतला. रंगामागून कळ आली, तेव्हा कुठे मामा ओरडला. त्या ओरडण्याने मला धीर आला.

गॅस कमी होता, संपला नव्हता. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे ते मी त्या पातेल्याशेजारी बसून पाहिलं... एसी तपासायचा तर ऐका, बघा, आणि तेवढ्यावर थांबा. ते टोपण उघडू नका.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात होतो; आमोण्याला पखवाज दुसऱ्या कुणी वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटावर मोठा फोड होता. डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं, पण पखवाज महिनाभर नको. "आनी डाव्या हातान वाजयलो तर?" मामाने विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले.