पिवळे हात

हळद शिजायचा वास आला की शाळेतलं ते गॅदरिंग आठवतं. सकाळी घरची हळद वाळत घालून मी थेट स्टेजवर गेलो होतो, निजामाशी लढणारा तरुण क्रांतिकारक व्हायला. मूठ उगारून घोषणा दिली, तसे पहिल्या रांगेतले एक म्हातारे स्वातंत्र्यसैनिक धडपडत वर चढले आणि तांब्यातल्या पाण्यानं माझे हात चोळायला लागले. "लेकरा, पिवळे हात घेऊन काहून आलास? माझा भाऊ कारकुनाच्या कपड्यात पत्रकं नेऊन राहिला होता. नाक्यावर शिपायानं त्याचे हळदीनं पिवळे झालेले हात पाहिले न् तिथंच धरला. म्याच म्हणलं होतं, जा, काय होत न्हाई." लोक हसत होते. पडदा पडला तरी ते चोळतच होते. आज पोरगी शाळेला निघाली, तर मी तिला दारातच अडवलं आणि हात पुढं करायला लावले.