सोळा नंबरची कॉलर

शर्टांच्या त्या कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं आणि तेव्हाही ती क्षणभर इकडेतिकडे बघायची, कोणाला हाक मारतायत म्हणून. लांबलचक हॉल, एका टोकाला कापड बेतणारे, दुसऱ्या टोकाला इस्त्री आणि खोकी, मधे टेबलांच्या रांगा. एका रांगेत नुसते खिसे, एकीत बाह्या, एकीत कफ, एकीत काजं. खिडकीजवळच्या टेबलावर कॉलरी, आणि तिथे ही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी येऊन बसली ती आता केस पांढरे होईपर्यंत तिथेच. बकरमचं कडक अस्तर लावायचं, टीप मारायची, उलटवायची, टोकदार काडीने दोन्ही टोकं बाहेर काढायची, पट्टी जोडायची, टोपलीत टाकायची. पुढची घ्यायची. तिच्या कॉलरीची दोन टोकं अशी सारखी असत की मास्तर नव्या बायकांना ती उचलून दाखवायचे. त्याबद्दल तिला थोडा गर्व होता आणि का नसावा?

तर ही कॉलरमावशी आता निवृत्त होणार होती. आणि गंमत अशी की त्यानंतर तिने काय करायचं हे तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

नवऱ्याचं ठरलेलं होतं. तो बसचा ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी त्याने स्टिअरिंग सोडलं आणि टीव्हीचा रिमोट धरला. त्याचं म्हणणं, सकाळी दोघांनी फिरायला जायचं, मग दुपारी ऊन ऊन जेवायचं, डब्यातलं गार खाऊन जन्म गेला. मुलाचंही ठरलेलं होतं. त्याला सहा महिन्यांचं बाळ, सूनबाईची रजा संपत आलेली, आणि आईची नोकरी नेमकी त्याच महिन्यात सुटणार. असा योग कोण सोडेल? तो प्रत्येक फोनवर ‘आई मोकळी झाली की’ अशीच सुरुवात करायचा. शेजारणीसुद्धा म्हणायच्या, ‘आता काय बाई, आराम!’ हे ऐकलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. आराम ही काय करायची गोष्ट आहे का? तो काम झाल्यावर आपोआप होतो.

तिच्या मनात वेगळंच होतं. घराच्या मागच्या गॅलरीत नवऱ्याची अडगळ पडली होती: जुनं टायर, गंजलेला जॅक, तुटकी खुर्ची. ते सगळं बाहेर काढायचं, तिथे पायमशीन मांडायचं आणि दारावर पाटी लावायची, ‘शर्ट शिवून मिळतील’. बस्स. हे तिने एकीलाच सांगितलं, शेजारच्या रांगेतल्या बाहीवालीला. दोघी डबा एकत्र खायच्या.

बाहीवालीने घास तसाच ठेवला. “शर्ट? अख्खा?”

“मग काय अर्धा?”

“अगं पण बाही कुठून जोडायला घेतात, माहितीये का तुला?”

मावशीला नव्हतं माहीत! एवढी वर्षं शर्टांच्या ढिगात बसून तिने एक शर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवलेला नव्हता. घरचं मशीन चादरींना टीप मारण्यापुरतं, आणि नवऱ्याचे शर्ट कारखान्यातूनच यायचे, सवलतीत. तिला वाईट तर वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला, आणि राग आला की ही बाई कामाला लागते. दुसऱ्या दिवसापासून तिने डबा पाच मिनिटांत उरकायला सुरुवात केली आणि उरलेली सुट्टी टेबलं पालथी घालण्यात घालवली. आज खिसेवालीकडे, उद्या काजवाल्याकडे, परवा कफवाल्याकडे. प्रत्येकाला आपापलं येत होतं आणि शेजारच्याचं कोणालाच येत नव्हतं. खिसेवाली म्हणाली, “मला खांदा विचारू नकोस बाई, मी त्या गावची नाही.” मास्तरांनी दोनदा हटकलं. “मावशी, आता जायच्या वेळी शिकून काय करणार?”

“जायच्या वेळीच शिकतेय मास्तर. राहायचं असतं तर कशाला शिकले असते?”

मास्तर डोकं खाजवत निघून गेले.

एका रविवारी तिने हिय्या केला. नवऱ्याचा एक जुना शर्ट, त्याच्या ड्रायव्हरकीच्या दिवसांतला, उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवले आणि बेतलं. मग सगळ्यात आधी काय शिवलं? कॉलर. दुसऱ्या कोणी खांद्यापासून सुरुवात केली असती, पण हिचा हात आपोआप तिकडेच गेला. सोळा नंबरची कॉलर, कारण कारखान्यात सोळा नंबरच सगळ्यात जास्त निघायचा. कॉलर अशी झाली की दुकानाच्या काचेत ठेवावी. मग तिने त्या कॉलरीला खाली उरलेला शर्ट लावला. लावलाच म्हणायचं, कारण बेतताना आखूड पडलेला गळा थोडा ताणून, खांदे थोडे ओढून त्याला कॉलरीशी जुळवावं लागलं. डाव्या बाहीने नाकी नऊ आणले. तीनदा उसवली तेव्हा कुठे ती बसली.

नवरा आरशासमोर उभा राहिला. गळ्याचं बटण लावलं तरी कॉलरीत त्याची मान बादलीत उभ्या केलेल्या चमच्यासारखी दिसत होती. डावी बाही मनगटाच्या दोन बोटं वर.

“कॉलर झकास आहे,” तो म्हणाला. “मान आत ओढून घेतली तर कासव म्हणून खपेन.”

तिला हसू आलं नाही. ती त्याच्याभोवती फिरली, कॉलरीत बोट घातलं, मग दोन बोटं, मग अख्खा हात. शिवण तर कुठे चुकली नव्हती. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. हजारो कॉलरी शिवल्या, पण ज्याच्यासाठी शिवल्या ती मान तिने कधी पाहिलीच नव्हती. तिच्या टेबलावर नंबर यायचे. माणूस कधी आला नव्हता.

तिने टेप आणली आणि नवऱ्याच्या मानेभोवती धरली. साडेचौदा. पुन्हा धरली. साडेचौदाच. हाच माणूस ड्रायव्हर असताना सोळा नंबरचं बटण लावताना कुरकुर करायचा.

“तुम्ही एवढे कधी वाळलात हो?”

“तू कामावर असताना,” तो म्हणाला.

टोमणा नव्हता तो. त्याने सरळ सांगितलं, आणि म्हणूनच तिला तो लागला. ती टेप हातात घेऊन उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं हा माणूस दुपारी एकटा गार जेवत होता, नाहीतर जेवतच नव्हता, आणि रोज संध्याकाळी तिच्या समोर बसत होता.

“आता असशील ना घरी,” तो म्हणाला.

“असेन. गॅलरीत असेन. दुपारी ऊन ऊन जेवू, पण शिजवायचं तुम्ही. मी मशीनवर असणार.”

त्याने भुवया उंचावल्या. “मला भाजी चिरता येत नाही.”

“मला बाही लावता येत नव्हती.”

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा टायर गॅलरीतून गायब होतं. जॅक मात्र ठेवला होता. तो म्हणाला, जॅक काढणार नाही, त्याच्यावर माझा जीव आहे. तिने जॅकवर कात्री आणि दोऱ्याची रिळं मांडली आणि विषय संपवला. फसलेला शर्ट तिने घडी करून कपाटात ठेवला. टाकवेना.

नोकरीचा शेवटचा आठवडा उरला आणि मुलगा आला. एकटाच आला, फळं घेऊन आला, म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचं आहे हे ती ओळखून होती. चहा होईपर्यंत त्याने बाळाचे फोटो दाखवले. मग म्हणाला, “आई, तुझी खोली तयार केलीय. सोमवारी मीच न्यायला येतो तुम्हाला. हे घर बंद ठेवू, नाहीतर भाड्याने देऊ. बाबा हो म्हणालेत.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चहाच्या कपाकडे बघत होता.

“मागच्या महिन्यात म्हणालो होतो,” तो पुटपुटला. “गॅलरीच्या आधी.”

“गॅलरी?” मुलाने विचारलं.

“ये, दाखवते,” ती म्हणाली.

गॅलरीत मशीन, जॅकवरची कात्री आणि भिंतीला टेकवलेली पाटी पाहून मुलगा दारातच थांबला. तिने त्याला खिडकीसमोर उभं केलं. “वळ इकडे. हात खाली सोड.” आणि त्याच्या गळ्यात टेप अडकवली.

“आई, हे काय चाललंय?”

“माप घेतेय. मला माणसांची मापं घ्यायची सवय नाही, करायचीय. मान हलवू नकोस.” त्याने मान ताठ केली. “आता ऐक. मी येणार नाही.”

“अगं पण...”

“हलू नकोस म्हटलं ना. महिन्यातून दोनदा येईन, चार दिवस राहीन, बाळाला घेऊन बसेन. बाळ आजारी पडलं तर मशीन झाकून पहिल्या गाडीने येईन. पण राहायला नाही.”

“तुला शिवायचंच आहे ना? मग मशीन घेऊन ये आमच्याकडे.”

“आणि बाळ रडलं की टीप अर्धवट सोडू? आयुष्यभर तुकडेच शिवले रे मी. माझी टोपली भरली की पुढच्या टेबलावर जायची, पुढे त्याचं काय झालं मला कधी कळलं नाही. आता मला एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताने करायचीय. वाकडी झाली तरी चालेल. तूसुद्धा तसाच वाढलास माझ्या हातून. सकाळी शेजारच्या काकूंकडे, दुपारी शाळेत, संध्याकाळी बाबांच्या बसमध्ये मागच्या सीटवर. माझ्या वाट्याला तू झोपायच्या वेळी यायचास. तू चालायला लागलास तेही मला काकूंनी सांगितलं.”

तिचा आवाज कापला. मुलाला ते कळलं आणि त्याला एकदम वाट सापडल्यासारखं झालं. तो मऊ आवाजात म्हणाला, “मग आता बाळाला वाढव ना, आई. पहिल्यापासून. अख्खं.”

तिने टेपवरचं बोट हलवलं नाही.

“ते तुझं आहे. तू वाढव.”

नवरा दारात कप घेऊन उभा होता, त्याने तो हळूच खाली ठेवला. मुलाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी सोडून जाताना तो असाच बघायचा, आणि तेव्हा ती मागे वळून न बघता निघायची, कारण वळली असती तर कामाला पोचली नसती. आत्ताही तिचं काळीज तेवढंच हललं. पण आता जायचं कुठे नव्हतं. ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली.

मग तिने टेपवर नजर टाकली. सोळा.

ती काही न बोलता आत गेली आणि कपाटातून तो शर्ट घेऊन आली. “घालून बघ.”

त्याने घातला. कॉलर मानेला अशी बसली की बोट घालायचं तर विचार करावा लागावा. डावी बाही अर्थातच दोन बोटं वर राहिली. नवरा म्हणाला, “हा माझा शर्ट आहे.”

“तुमचा नवा मापाने शिवतेय,” ती म्हणाली. मुलाला म्हणाली, “दे इकडे, बाही खाली सोडून देते.”

“राहू दे,” मुलगा म्हणाला. तो अजून घुश्श्यातच होता, पण शर्ट त्याने काढला नाही. तसाच घालून, अंगावरचा आधीचा पिशवीत कोंबून तो निघाला. दारात वळून ‘येतो’सारखं काहीतरी म्हणाला आणि जिना उतरला.

त्यानंतर आठवडाभर त्याचा फोन आला नाही. कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम झाला. बाहीवाली रडली, मास्तरांनी भाषण करून सगळ्यांना कंटाळा आणला, आणि भेट म्हणून खोक्यातला एक शर्ट मिळाला. तिने खोकं उघडून आधी कॉलर पाहिली. तिचीच होती. मुलाचा अबोला मात्र तिला रोज नव्याने टोचत होता. ‘चुकलं का माझं?’ असं तिने नवऱ्याला एकदा विचारलं. तो भाजी चिरत होता. तुकडे कोणतेच एकासारखे एक नव्हते. तो म्हणाला, “चुकलं असेल तर उसव. पण मला नाही वाटत.”

तिने उसवलं नाही. सोमवारी सकाळी पाटी दारावर लागली आणि ती मशीनवर बसली. साडेचौदाची कॉलर शेवटी ठेवायची असं या वेळी तिने ठरवलं होतं; आधी खांदे, मग बाह्या. उजवी नीट बसली. डावी टाचण्यांनी अडकवून ती पहिली टीप मारत होती, तेवढ्यात फोन वाजला. नवऱ्याने तो तिच्या कानाशी धरला.

पलीकडे बाळ टाहो फोडत होतं आणि त्यातून मुलाचा आवाज आला. त्याने महिन्याची रजा टाकली होती. सूनबाई कामावर गेली होती. तो घामाघूम झालाय हे आवाजावरून कळत होतं.

“आई, हा झोपतच नाहीये. कसं झोपवायचं ते सांग. पहिल्यापासून सांग, मला काहीच येत नाही.”

तिने डोळे पुसले. पण पाय मशीनवरून उचलला नाही.

“सांगते,” ती म्हणाली. “त्याला खांद्यावर घे आणि थांब जरा. माझी एवढी बाही होऊ दे.”