चार कोअर, राबणारा एक

...आणि तो पंखा असा घोंघावायला लागला की शेजारीण चादर घेऊन दारात उभी. "वॉशिंग मशीन घेतलंत वाटतं! माझी एवढी चादर टाका की."

फोटोंच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेऊन टेबलाखालचा काळा कॉम्प्युटर दाखवला, तेव्हा कुठे ती चादर काखेत मारून परत गेली. थोडी रुसूनच गेली म्हणा.

गल्लीने बाईंना हे नाव उगाच नाही दिलं. फाटलेले, ओल धरलेले, वाळवीने कुरतडलेले फोटो त्यांच्याकडे जायचे आणि धडधाकट होऊन परत यायचे. एका गृहस्थाच्या आजोबांचं नाकच उडालं होतं. बाईंनी ते आजोबांच्याच भावाच्या फोटोवरून आणून बसवलं, तर तो गृहस्थ म्हणतो कसा, "आजोबा जिवंतपणी एवढे देखणे नव्हते हो!"

काम बाईंचं, पण फोटोखाली नाव मात्र काम देणाऱ्या स्टुडिओचं. इतकी वर्षं हेच चाललं होतं. आणि आता स्टुडिओवाल्याने एका जुन्या शाळेचे खोकंभर वर्गफोटो दिले आणि म्हणाला, "शनिवारपर्यंत झाले तर खाली तुमचं नाव छापतो. नाही जमलं तर दुसरीकडे देतो, राग मानू नका." बाई वरवर "बघू" म्हणाल्या. पण छापलेलं ते नाव काही डोळ्यांपुढून हलेना.

आधी प्रोग्रॅमने ओरखडे काढायचे, मग बाईंनी हाताने चेहरे नीट करायचे. हाताचं काम झपाझप व्हायचं. प्रोग्रॅम मात्र एकेका फोटोवर घास अडकल्यासारखा बसायचा. तेवढ्यात नवऱ्याचा चहा, सासऱ्यांची औषधं, धाकट्या दिराचा हरवलेला मोजा, दोरीवरचे कपडे. "आलेच हं!" म्हणत बाई उठायच्या, आणि परत येईपर्यंत फोटो केव्हाचाच होऊन पडलेला असायचा.

दीर कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. एका संध्याकाळी त्याने दुकानातून नवा प्रोसेसर आणून टेबलावर ठेवला.

"वहिनी, तुमचा चार कोअरचा आहे, हा आठ कोअरचा. चार कामकरी होते तिथे आठ आले समजा."

"बसवायला किती वेळ?"

"आतला बोर्डही बदलावा लागेल. सगळं नव्याने घालायचं, तपासायचं... दोन दिवस मशीन बंद."

दोन दिवस! शनिवार काही थांबणार नव्हता.

"घेऊन टाक गं," आरामखुर्चीतून नवरा म्हणाला. "रोजची कटकट तरी मिटेल."

"घ्या, घ्या!" कानाला रेडिओ लावून पडलेले सासरेही म्हणाले. काय घ्यायचंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण घरात ठराव व्हायचा तर त्यांचं मत हवंच.

"भाऊजी, आहेत ते चौघे किती दमलेत ते तरी आधी दाखवा," बाई म्हणाल्या. एका फोटोवर काम चालूच होतं. दिराने दोन बटणं दाबली. पडद्यावर चार चौकोन उघडले, एकेका कोअरचा एकेक. ज्याला काम जास्त, त्याची रेघ वर. पहिल्या चौकोनातली रेघ छताला टेकलेली. उरलेल्या तिघांत ती जमिनीवर आडवी.

दिराने डोकं खाजवलं. "अरेच्चा! तुमचा प्रोग्रॅम जुना आहे, वहिनी. एका फोटोला तो एकच कोअर लावतो. बाकीचे तिघे नुसते बसून."

"मग आठ आणले तर?"

"तर..." दिरालाच हसू फुटलं, "सात बसून राहतील!"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग आरामखुर्चीकडे बघितलं. मग रेडिओकडे. मग दिराच्या पायांकडे, त्यांत आजही एकच मोजा होता.

"आणि हाच प्रोग्रॅम चार वेळा उघडला, चौघांना चार वेगळे फोटो दिले तर?"

"चालेल की! माझ्या डोक्यातच नाही आलं." दिराने चार खिडक्या उघडल्या, चार वर्गफोटो त्यांच्या हवाली केले. चारही रेघा टुणकन छताला! पंखा असा घुमला की शेजारणीची चादर आता पुन्हा येते की काय, असं बाईंना वाटलं.

दीर उड्या मारायचाच बाकी होता. पण बाईंच्या लक्षात वेगळंच आलं. आता चार-चार फोटो एकदम तयार होणार, म्हणजे चेहरे नीट करायला त्यांना खुर्चीत बसूनच राहायला हवं.

"झालं तर मग!" नवरा खुशीत म्हणाला. "तो प्रोसेसर परत ने रे. आणि अगं, या आनंदात चहा टाक बघू."

बाई उठल्या नाहीत. खुर्ची आणखी पुढे ओढली, पहिला वर्ग उघडला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, मशीनमधले तिघे उठले, आता घरातले उठा. माझी रेघ कधीची छताला टेकलीय. चहा तुम्ही टाका, औषधं बाबा आपली आपण घेतील, कपडे भाऊजी काढतील. शनिवारपर्यंत मी इथून हलत नाही. आणि माझ्यात साखर कमी."