मागे उभं राहणारं माणूस

मी गाव सोडलं त्या सकाळी कौशी मला पोहोचवायला थेट मोहाखालून आली होती. हातांना मोहफुलांचा तो गोड, आंबूस वास, ओढणीत अडकलेली वाळकी पानं. फाट्यावर एसटी यायला वेळ होता. माझी पेटी उचलायला बाबा होते, म्हणून ती नुसतीच बाजूला उभी होती. बाबा मला म्हणाले, "खिडकीत बस, पण मागं पाहू नको, पोट्टे. जीव अडकते." मी मागे पाहिलं नाही. त्यामुळे कौशी तिथे किती वेळ थांबली, हे मला आजही ठाऊक नाही.

एवढं आठवतं, की मी गाडीत चढताना तिनं विचारलं होतं, "आता मी कोणासंग जाऊ वो मोहाले?"

"लगन कर," मी म्हटलं. दोघी हसलो.

तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. सिंदेवाहीच्या बाजूचं आमचं गाव. एका अंगाला तलाव, तीन अंगांना जंगल. चैत्रात मोहफुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर हरणं आणि गुरं खातात. वेचायचं म्हणजे वाकायचं. आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं काहीतरी दिसतं. म्हणून आमच्याकडे कोणी एकटं वेचत नाही. एकानं वाकायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागे, झाडीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोलत राहायचं. काहीही. आवाज थांबला, की वेचणाऱ्यानं ताबडतोब वर पाहायचं.

आमच्या जोडीत मी वेचायची, कौशी उभी राहायची. तिचा आवाज मोठा. गावातल्या यच्चयावत भानगडी ती जंगलाला सांगायची; कोणाची सासू काय बोलली, कोणत्या पोट्ट्यानं कोणाला चिठ्ठी दिली. मी हसून हसून फुलं सांडायची. आपल्या पाठीमागे कोणीतरी आहे, ही गोष्ट तेव्हा इतकी साधी होती, की तिला नाव नव्हतं.

पुण्यात मला बँकेत नोकरी लागली. मग लग्न, सोसायटीतला फ्लॅट, शनिवार-रविवारचा मॉल. माझी भाषा हळूहळू धुतली गेली. 'काऊन' म्हणायची मी 'का' म्हणू लागले, आणि कोणी "तुम्ही विदर्भातल्या वाटत नाही" असं म्हटलं, की मला बरं वाटायचं. हेही आज लिहून टाकते.

चाळिशी ओलांडल्यावर गावाची ओढ लागली. खरं सांगायचं तर ओढ कमी आणि टोचणी जास्त होती. बँकेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन मी गावातल्या आणि आजूबाजूच्या टोल्या-वस्त्यांवरच्या बारावीच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. दर शनिवारी फोनवरून शिकवणी, वर्षातून तीनदा प्रत्यक्ष जाणं. सीईटीची तयारी, कॉलेजचे अर्ज, मुलाखतीत कसं बसायचं, कसं बोलायचं. आणि परीक्षेनंतर एक सहल: पुण्याची कॉलेजं, एखादं संग्रहालय, एखादं नाटक. मुलांना जग दिसावं, असं मी सगळ्यांना सांगायची. देणगी देणाऱ्यांना हे वाक्य आवडायचं. मलाही आवडायचं.

कौशीचं लग्न गावातच झालं होतं, देवरावशी. तिची मुलगी प्रणाली माझ्या वर्गात सगळ्यात हुशार, आणि सगळ्यात वाचाळ. आवाज आईचा. ती मला मावशी म्हणायची.

त्या वर्षीची सहल ऐन चैत्रात आली. कॉलेजचं होस्टेल त्याच चार दिवसांत रिकामं मिळत होतं आणि नाटकाचा प्रयोगही तेव्हाच होता. मी मुलांना घ्यायला गावी पोहोचले, तर तलावाच्या ओल्या गाळात पंजे उमटलेले. वनरक्षक सकाळ-संध्याकाळ भोंगा लावून फिरत होते, की उजाडल्याशिवाय कोणी जंगलात जाऊ नका. लोकांच्या मोबाइलवर रस्ता ओलांडणाऱ्या वाघिणीचा फोटो फिरत होता. बकऱ्या दिवसाही गोठ्यात होत्या. मुलं मात्र पंज्यांभोवती गोळा होऊन खिदळत होती. प्रणाली म्हणाली, "याले बी नागपूरले ॲडमिशन नाई भेटलं वाटते. इथीच रिपीट करून राह्यला."

निघायच्या आदल्या दुपारी कौशी मला भेटायला आली. देवराव मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. तिनं इकडच्या-तिकडच्या गोष्टी केल्या, पाणी मागून प्यायली, मग म्हणाली, "आठ दिस थांबत नाई का वो तू? मोहा संपू दे. मंग ने पोरीले."

मी म्हटलं, होस्टेल, तिकिटं, सगळं ठरलंय.

"मायी काही ना नाई. पण माया मागं तेच तं उभी राह्यते."

"शेजारणीसोबत जा ना."

"त्याइच्या जोड्या ठरल्या आहेत वो. तिसरं माणूस कोण घेते?"

ती खोटं बोलत नव्हती. तिघी गेल्या, तर मागे उभ्या असलेल्या एकीला दोघींवर लक्ष ठेवावं लागतं, आणि फुलांचे वाटेही तीन पडतात. हे मला पक्कं माहीत होतं. पुण्याच्या कोणा बाईला माहीत नसतं, तर ती निदान अज्ञानी ठरली असती. मला माहीत होतं, आणि तरी मी म्हटलं, "चार फुलांसाठी पोरीचं वाटोळं करू नको, कौशी."

ती हसली. "तू मोठी झाली वो," म्हणाली, आणि गेली. घरी जाऊन तिनं प्रणालीला यातलं काहीच सांगितलं नाही. सकाळी जीपपाशी आली, पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जा, पाहून ये. मले मंग सांग सगळं."

पुण्यात तिसऱ्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. आत फोन न्यायची बंदी, म्हणून आठही मुलांचे फोन मी नुसता आवाज बंद करून माझ्या पिशवीत टाकले आणि पिशवी दारावर जमा केली. एका काचेच्या कपाटात मोह वेचायची टोपली होती, खाली छापील माहिती. मुलं तिथे थबकली. कोणी म्हणालं, हे तं आमच्या घरी पडलं आहे जी. प्रणाली काचेला नाक लावून म्हणाली, "मावशी, इथी नुसती टोपली ठेवली. मागं उभं राहणारं माणूस काऊन नाई ठेवलं?"

सगळे हसले. पहारेकरी "शूऽऽ" म्हणाला.

माझा फोन मी बंदी मोडून पर्समध्ये ठेवला होता. थोड्या वेळानं तो थरथरला. मी अंगणात जाऊन उचलला. गावातून कौशीची शेजारीण बोलत होती. ती रडत नव्हती, फक्त धापा टाकत होती. कौशी सकाळी एकटीच गेली होती. टोपली अर्धी भरलेली सापडली. कौशी तिथून बरीच आत सापडली. पुढचं मी लिहीत नाही.

आता जे सांगते, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

परतीची गाडी रात्रीची होती. त्याआधी निघायला काही सोय नव्हती, हे खरं. पण प्रणालीला न सांगायला ते कारण पुरत नाही. मी अंगणातल्या नळावर तोंड धुतलं, आत आले आणि म्हटलं, "चला, नाटकाला उशीर होईल." फोन मी परत दिले नाहीत. त्या क्षणी मी मनाशी म्हटलं, की तिला आणखी तेवढे तास आई असू दे. आज वाटतं, मला आणखी तेवढे तास निरपराध राहायचं होतं.

नाटक विनोदी होतं. प्रणाली माझ्या शेजारी बसली होती. पहिल्यांदाच असलं थिएटर, असला पडदा, असली मऊ खुर्ची. ती हसली, टाळ्या वाजवल्या, एकदा तर हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतले फोन एकामागून एक थरथरत होते. एक थांबला की दुसरा. मी पिशवीवर दोन्ही हात दाबून धरले. मध्यंतरात ती म्हणाली, "मायले सांगीन, तू असती तं पोट धरून हासली असती."

स्टेशनवर मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की आत्ताच फोन आला.

गावात पोहोचलो तेव्हा देवराव आला होता. अंगणात बायाबापड्या बसलेल्या. जो तो एकच विचारत होता, "एकटी काऊन गेली? लहानपणापासून जंगलात राह्यलेली बाई, तिले समजत नव्हतं का?" कोणी म्हणालं, हट्टी होती. कोणी म्हणालं, फुलांचा लोभ. सरपंचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्यापाशी काही बोलली होती का जी, ताई?"

मी मान हलवली. नाही.

एवढंच. एक मान हलवली, आणि मेलेल्या माणसावर हट्टाचा आणि लोभाचा ठपका कायम झाला.

त्यानंतर मी प्रणालीसाठी जे जे करता येईल ते केलं. तिनं सीईटी दिली, पुण्यात फार्मसीला प्रवेश मिळाला, होस्टेलमध्ये राहू लागली. रविवारी माझ्याकडे जेवायला यायची. ओट्याशी उभी राहून बोलत राहायची. कोणती मॅडम खडूस, कोणाचं कोणाशी जुळलं. मी पोळ्या लाटायची, पाठीमागे तिचा आवाज. आवाज मध्येच थांबला, तर मी दचकून मागे वळायची. ती म्हणायची, "काय झालं जी, मावशी?"

आमच्या घरातलं कोणी मला कठोर म्हणत नाही. नवरा म्हणतो, तू त्या मुलीला सख्ख्या लेकीसारखं वागवतेस. अशी वाक्यं ऐकली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

गेल्या महिन्यात वर्गाची नवी मुलं पुण्याला आली. प्रणाली आता दुसऱ्या वर्षाला. तिनं त्यांच्याशी बोलावं, असं माझ्या मैत्रिणींनी ठरवलं. ती छान बोलली. अभ्यासाचं, होस्टेलचं, पहिल्या वर्षी इंग्रजीचं कसं भ्या वाटायचं ते. शेवटी एका मुलीनं विचारलं, घरचे नको म्हणत असतील तर काय करायचं?

"मायी माय स्वतः म्हणली, जा," प्रणाली म्हणाली. "अन् ती गेली तेव्हा मावशीनं फोन आल्या आल्या मले सांगितलं. काही लपवलं नाई. असं माणूस पाठीशी पाहिजे."

मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी मी तिला घरी बोलावून सांगितलं. आठ दिवस थांब म्हणालेली कौशी, चार फुलं, सरपंचांसमोर हललेली मान. ती ऐकत होती. मला वाटलं होतं, ती आईच्या विनवणीवर रडेल, मला शिव्या देईल. ती हातातला पाण्याचा ग्लास नुसता फिरवत राहिली. मग मी फोनची वेळ सांगितली.

"थांबा जी," ती म्हणाली. "नाटकाच्या आधी?"

"हो."

"मंजे मी हासून राह्यली होती, अन् तुम्हाले माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

तिनं ग्लास टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि गेली. दार लोटून गेली, आपटलं नाही.

दोन दिवसांनी तिच्या खोलीतल्या मुलीचा, स्नेहलचा, फोन आला. प्रणाली गावी गेलीये. प्रॅक्टिकल जवळ आली असताना. वडील यंदा मिरचीला गेले नाहीत, मोह वेचतायत, त्यांच्या मागे उभं राहायला कोणी नाही म्हणाली. परत कधी येणार ते सांगितलं नाही. माझा फोन ती उचलत नाही. 'जाऊ नको' असं म्हणायचा हक्क मी एकदा वापरून संपवला आहे, आणि 'जा' म्हणायचाही.

सरपंचांना मात्र मी फोन केला. सगळं सांगितलं, आणि चारचौघांत सांगा म्हटलं. ते म्हणाले, "आता सांगून राह्यल्या का जी?" फोन ठेवताना म्हणाले, वाघीण परत दिसून राह्यली, या खेपेला दोन पिल्लं आहेत.

आमच्यासारखे निघून आलेले लोक एकमेकांना भेटलो, की घर म्हणजे काय यावर फार गोड बोलतो. कोणी तलावातल्या मासोळ्या काढतं, कोणी भाताचा वास. मीही बोलले आहे, स्टेजवरून, माइकवर. आता घर म्हणजे माझ्यासाठी सकाळचं ऊन चढेपर्यंतचा वेळ. त्या वेळात माझ्या हातून चहा होत नाही, पेपर वाचून होत नाही. ऊन चढल्यावर प्रणाली घरी पोहोचली, की स्नेहलला एक शब्द पाठवते: 'आली'. मला नाही, स्नेहलला. मी रोज स्नेहलला फोन करून विचारते. ती बिचारी कंटाळली असेल, पण सांगते, "हो मावशी, आली."

आज ऊन केव्हाच गॅलरीत आलंय. मी स्नेहलला तीनदा फोन केला. उचलला नाही. रविवार आहे, झोपली असेल.