बोसनमामांचा नकार

जहाजावर सगळे त्यांना मामा म्हणत, अगदी कप्तानसुद्धा. मामा बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. एकतीस वर्षं दोर, साखळ्या आणि रंगाचे डबे यांच्याशीच संसार केलेला माणूस. बोलणं मोजकं, पण बोलले की एक घाव दोन तुकडे.

त्या दुपारी कप्तानाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. कंपनीचा हुकूम आला होता. लांबचा वळसा नको, जहाज सरळ सामुद्रधुनीतून न्यायचं. महिन्याभरात तिथे चार जहाजांवर ड्रोन येऊन आदळले होते. नकार द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे, हेही कप्तानाने सांगितलं, पण खाली बघत. मग त्याने कागद वाटले. 'धोक्याची कल्पना असून मी स्वखुशीने जात आहे,' एवढं एकच वाक्य आणि खाली सहीची जागा.

मामांच्या डोक्यात तिडीक गेली. दीड वर्षापूर्वी, दुसऱ्या जहाजावर, याच पाण्यात शिरताना त्यांनी अशाच कागदावर न वाचता सही ठोकली होती. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीला भगदाड पडलं आणि आचारी, त्यांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, बटाटे सोलता सोलता गेला. पुढे त्याच्या बायकोला घेऊन मामा त्या कंपनीत गेले, तेव्हा साहेबाने फाइलीतून त्याचा तसाच सही केलेला कागद काढून पुढे सरकवला. "बाई, ते आपल्या खुशीने गेले होते." वहिनी नवऱ्याच्या सहीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. मामांचीही सही त्याच फाइलीत होती.

आता त्यांनी कागद टेबलावर पालथा घातला. "मी सही करणार नाही आणि तिकडून येणारही नाही."

"मामा, पुढच्या बंदरात उतरवतील तुम्हाला," कप्तान हळूच म्हणाला. "परत बोलावणार नाहीत."

"नका बोलावू म्हणावं. माझ्या बायकोसमोर असला कागद कुणी सरकवायचा नाही."

मग कंपनीचा साहेब फोनवर आला. आधी गोडीत घेतलं, मग दम भरला, शेवटी म्हणाला की बाकी कुणाचीच तक्रार नाही. मामांनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि एकेकाला विचारा म्हणाले. मग इंजिनखोलीतल्या तेलवाल्याने आपला कागद पालथा केला. त्याच्यामागून बाकीचे. बावीसपैकी सतरा. एवढ्या माणसांवाचून जहाज हलणार नाही, असं कप्तानाने फोनवर सांगितलं, या वेळी मान वर करून.

जहाज वळशाने गेलं. तेरा दिवस जास्त लागले, भाजी संपली. डबाबंद वाटाणे खाऊन खाऊन कावलेल्या लोकांनी मामांनाच शिव्या घातल्या. सही केलेला दुय्यम इंजिनियर तर प्रवासभर त्यांच्याशी बोलला नाही.

कंपनीने खरोखरच परत बोलावलं नाही. मामा सात महिने घरी बसले. घरातलं प्रत्येक कपाट दोनदा रंगवून झालं, तेव्हा बायको म्हणाली, "आता माझ्यावर ब्रश फिरवायच्या आत जा कुठेतरी."

दुसऱ्या कंपनीतल्या कारकुनाने कागदपत्रं चाळत विचारलं, "जहाज वळवायला लावलं ते तुम्हीच ना?"

"मीच. आणि वेळ आली तर पुन्हा लावीन. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, माझी खेप वाचेल."

कारकून हसला नाही, पण आठवड्याने पत्र आलं. मामा आता एका टँकरवर आहेत.