एकच चाक तापलं होतं

मंडळी, दुपारपासून मन खातंय, म्हणून लिहितोय. मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टमध्ये सुपरवायझर आहे.

आमचे दत्ताकाका साताऱ्याचे. ट्रेलर चालवण्यात आयुष्य गेलं. कुठेही थांबले की गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाच्या मध्यभागी उलटा हात लावून बघतात. ऑफिसात आम्ही हसायचो, "काका चाकांचा ताप बघतात!"

आज सकाळी त्यांचा रस्त्यातून फोन आला. "साहेब, मागचं डावं चाक चटका देतंय. बाकीची कोमट आहेत, हे एकच तापलंय. बेअरिंग जातंय बहुतेक. मेकॅनिक पाठवा, मी थांबतो."

मी म्हणालो, "काका, ब्रेक मारला की चाक तापणारच. पोर्टचं गेट बंद होईल, निघा तुम्ही."

अरे, ब्रेकने तापलं असतं तर सगळीच तापली असती ना! एवढं साधं मला सुचलं नाही.

उलव्याजवळ बेअरिंग जाम झालं, चाकांची जोडी एक्सलवरून निसटली आणि घरंगळत चहाच्या टपरीत घुसली. टपरीवाल्या मावशी नेमक्या पाणी आणायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

मी आणि आमचे शेठ तिथे पोचलो. शेठ काकांवर भडकले, "चाकं बघून निघता येत नाही?"

काका मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच माझं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी शेजारीच उभा होतो.

शेठ, तुम्हीही या ग्रुपवर आहात. काकांनी चाक बघितलं होतं. निघा म्हणणारा मी होतो.