वीरगळाची ताडी

ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक वीरगळ आहे. गुरं चोरायला आलेल्यांशी लढताना मेलेल्या कुणा गड्याचा दगड. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी राहिली, त्या घरातली आगरी आजी दर वर्षी दिव्यांच्या अवसेला येते, फूल वाहते आणि त्याला वाटीभर ताडी पाजते.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला सेक्रेटरींनी मला बोलायला लावलं. माझं माहेर तमिळ, म्हणून विषयही त्यांनीच दिला: प्राचीन तमिळ साहित्यातल्या पूजा. मी सांगितलं, त्या जुन्या गाण्यांत गुरं सोडवताना पडलेल्या वीराचा दगड रोवतात, मोरपिसं बांधतात, त्याला ताडी देतात. मुरुगन देवाला बोकडाच्या रक्तात कालवलेलं धान्य देतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढी थोर संस्कृती, असं सेक्रेटरी माइकवर म्हणाले.

पुढच्याच महिन्यात दगडाभोवती टाइल्सचा ओटा झाला, स्टीलचं ग्रिल आलं आणि पाटी लागली: येथे मद्य-मांस अर्पण करू नये. मी तडक सेक्रेटरींच्या घरी गेले. मग टाळ्या कशाला वाजवल्या होत्या, असं तोंडावर विचारलं.

"मॅडम, ते साहित्य होतं," ते म्हणाले. "हे आपलं गेट आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

अवसेला आजी आली, वॉचमनने अडवलं. ती भांडली नाही. "आमचे घरचा मानूस हाय यो," एवढंच म्हणाली. "वरसातून एकदा तरी त्याला पाजाला नको?"

मी मधे पडले तसे सेक्रेटरी खाली आले आणि त्यांनी तोडगा काढला. ताडी मी ओतायची, तमिळमध्ये काहीतरी म्हणायचं, मुलं व्हिडिओ काढतील, छान कल्चरल होईल. या माणसाला लाज म्हणून नाही! दगड हिच्या घरचा, मी कोण ओतणारी, असं मी ओरडूनच सांगितलं.

तोवर आजीने ग्रिलमधून हात घातला होता. निम्मी ताडी दगडावर पडली, निम्मी टाइल्सवर सांडली. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला आणि वॉचमनला फिनेल आणायला सांगितलं. मी आडवी उभी राहिले. त्या बिचाऱ्याला नोकरी टिकवायची होती. त्याने मला चुकवून अख्खी बादली ओतली. फिनेल दगडावरून, त्या वीराच्या झिजलेल्या चेहऱ्यावरून खाली आलं.

आजीने रिकामी वाटी पिशवीत ठेवली आणि माझा हात धरून हळूच विचारलं, "त्याचे तोंडात त नाय ना गेलं?"